जिप्सी, कार्ब्युरेटर आणि मी

गेल्या महिन्यात साताऱ्याहून भावजींचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, पाऊसपाणी झालं, मग हळूच म्हणाले, "वहिनी, जिप्सी परत मिसिंग मारतेय. मिस्त्री म्हणतो कार्ब्युरेटरचं जेट एक नंबर मोठं टाकू. टाकू का?"

मी विचारलं, "भावजी, आधी मला सांगा, ब्रेकचं पेडल कसं लागतंय?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग ते हसायला लागले. "वहिनी, मी कार्ब्युरेटरचं विचारतोय आणि तुम्ही ब्रेकचं काय काढलंत?"

त्यांचं हसणं मला नवं नव्हतं. असंच हसणं मी २००९ सालच्या जानेवारीत आमच्या द्वारकेच्या घरी ऐकलं होतं, आणि त्या हसण्यापायी मे महिन्यात माझ्या हातून एका पोराचा जीव जायची वेळ आली होती. त्याचीच ही गोष्ट.

द्वारका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे श्रीकृष्णाची द्वारका येते. आमची द्वारका दिल्लीच्या नैर्ऋत्य टोकाला आहे. पूर्वी ह्या भागाला पप्पनकलाँ म्हणत. दिल्ली विकास प्राधिकरणाने तिथे सेक्टर पाडले, सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या, आणि ह्यांच्या केंद्र सरकारी नोकरीमुळे दिल्लीकर झालेलं आमचं बिऱ्हाड २००२ साली तिथे येऊन पडलं. तेव्हा मेट्रो नव्हती. ती २००५ च्या अखेरच्या दिवशी आली. पाणी टँकरने यायचं, मात्र विमानतळ जवळ असल्यामुळे विमानं डोक्यावरून मोजून घ्यावीत इतकी जायची. गॅलरीत दोघांचं बोलणं चालू असलं की मध्येच थांबायचं, विमान जाऊ द्यायचं, मग वाक्य पुरं करायचं, ही आम्हा द्वारकावासीयांची सवयच. ह्या विमानांचा पुढे गोष्टीशी संबंध येणार आहे.

आमच्याकडे १९९७ ची जिप्सी होती. एका सेवानिवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडून ह्यांनी ती घेतली. तुमच्यापैकी अनेकांनी जिप्सी पोलिसांकडे किंवा ताडोबासारख्या जंगलात पाहिली असेल. मारुतीने ती १९८५ साली आणली. चारही चाकांना जोर देता येतो, त्यामुळे चिखल असो, वाळू असो की बर्फ, ती वाट काढते. गंमत म्हणजे ही गाडी बनायची आमच्या शेजारीच, गुडगावच्या कारखान्यात. १९९६ साली तिला तेराशे सीसीचं मोठं इंजिन मिळालं आणि नाव पडलं 'जिप्सी किंग'. आमची ती त्यातली. २००० सालापासूनच्या जिप्सींमध्ये पेट्रोल मोजून देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. आमचीमध्ये मात्र जुना कार्ब्युरेटर होता.

कार्ब्युरेटर म्हणजे काय, हे मला ह्यांनी दहा वेळा सांगून समजलं नव्हतं. समजलं ते आमच्या चिरंजीवांनी स्टोव्हचं उदाहरण दिल्यावर. ज्या घरात रॉकेलचा स्टोव्ह होता तिथल्या बायकांना काही शिकवायला नको. स्टोव्हच्या निपलला बारीक भोक असतं, त्यातून रॉकेल येतं, हवेत मिसळतं आणि पेटतं. हवा पुरेशी मिळाली तर ज्योत निळी, कमी पडली तर पिवळी आणि भांडी काळी. कार्ब्युरेटरचं काम हेच. त्यातलं 'जेट' म्हणजे पितळेचं निपल, आणि भोक किती मोठं त्यावर पेट्रोल किती जाणार ते ठरतं. पेट्रोल नीट जळायला एका किलोला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. लिटरच्या हिशोबात सांगायचं तर एक लिटर पेट्रोल जाळायला नऊ हजार लिटरच्या आसपास हवा! हा हिशोब ऐकल्यापासून मला पेट्रोलपेक्षा हवेबद्दलच जास्त आदर वाटायला लागला. (जाता जाता एक सांगते. स्टोव्हच्या निपलला आपण पिन मारतो, तशी जेटला मारू नये. पितळ मऊ असतं, भोक रुंदावतं आणि सगळा हिशोब बिघडतो. फवारा मारून किंवा हवेच्या दाबाने साफ करावं.)

तर २००८-०९ च्या हिवाळ्यात जिप्सी सिग्नलला उभी राहिली की थरथरायला लागली. मध्येच आवाज वर जायचा, मध्येच खाली, कधी बंदच पडायची. ह्यांनी निदान केलं, कार्ब्युरेटर म्हातारा झाला. काकरोल्याकडच्या मिस्त्रीनेही मान डोलावली, "साब, कारबोरेटर थक गया है."

त्याच जानेवारीत मी ह्यांना सांगितलं होतं, "अहो, जिप्सीचा ब्रेक हल्ली कडक लागतो." मी सांगत होते कारण गाडी जास्त मीच चालवत असे. ह्यांचं ऑफिस मध्य दिल्लीत, ते मेट्रोने जायचे. बाजार, गॅस एजन्सी, सासूबाईंचा दवाखाना, मुलीचा क्लास हे सगळं माझ्याकडे. पण ह्यांना हसू आलं. म्हणाले, "अगं, जिप्सीचं सगळंच कडक. तुला मारुती आठशेची सवय लागलीय." फेब्रुवारीत पुन्हा सांगितलं, तेव्हा मिस्त्रीने ब्रेकचे पॅड पाहिले, तेल पाहिलं, "सब ठीक है भाभीजी," म्हणाला. त्यानंतर मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, आपल्याच पायातला जोर कमी झाला असेल. चाळिशी उलटली की बाई आधी स्वतःवरच संशय घेते.

फेब्रुवारीतच अमेरिकेतला भाचा सुट्टीवर आला, आणि येताना त्याने मामाच्या सांगण्यावरून एक खोकं आणलं. त्यात नवा कोरा वेबर कार्ब्युरेटर होता. एदुआर्दो वेबर नावाच्या इटालियन माणसाने १९२३ साली बोलोन्यात सुरू केलेली ही कंपनी; तिचा ३२/३६ नावाचा कार्ब्युरेटर परदेशात जिप्सीच्या भावंडांना, म्हणजे सुझुकीच्या सामुराईला, हौशी लोक आवडीने लावतात. त्याला दोन घसे. एक बत्तीस मिलिमीटरचा, तो नेहमीच्या चालीसाठी. दुसरा छत्तीसचा, तो पाय जोरात दाबला की उघडतो. चढावर गाडी जोमाने ओढते. ह्यांच्या डोळ्यांत जी चमक होती ती मी आमच्या लग्नातही पाहिली नव्हती. त्या पैशात नवा फ्रिज आला असता, हे मी तेव्हा बोलले नाही. आता लिहिते आहे.

ह्यांच्या मनात जूनमध्ये सगळ्यांना घेऊन मनालीला आणि वर रोहतांगला जायचं होतं. सासूबाईंना आयुष्यात एकदा बर्फ पाहायचा होता. नवा कार्ब्युरेटर त्यासाठीच.

मार्चमध्ये वेबर बसला. आणि दोन दिवसांत लक्षात आलं की थरथर आहे तिथेच आहे.

मग सुरू झाला एक पर्वच. दर रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जिप्सीचं तोंड उघडं, त्यात वाकलेले हे, आणि शेजारी स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा असलेला मिस्त्री. कार्ब्युरेटरला एक मिश्रणाचा स्क्रू असतो. तो आत फिरवला की गाडी उभी असतानाचं पेट्रोल कमी होतं, बाहेर काढला की वाढतं. तो कानाने लावायचा असतो. इंजिन चांगलं गरम होऊ द्यायचं, चोक पूर्ण उघडलेला आहे ना पाहायचं, मग स्क्रू हळूहळू आत नेत जायचं. इंजिन अडखळायला लागलं की थांबायचं आणि थोडा मागे घ्यायचा. अगदी तानपुरा लावण्यासारखंच. पण आमच्याकडे नेमका सूर लागायला आला की डोक्यावरून विमान! हे हात वर करून थांबायचे, विमान जायचं, तोवर इंजिनाचा आवाज बदललेला असायचा.

वेबरबरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं की स्क्रू बंद करून दीड ते अडीच वेढे बाहेर काढला म्हणजे गाडी गुळगुळीत चालली पाहिजे. आमचा चार वेढ्यांवर गेला तरी थरथर जाईना. कागदाप्रमाणे ह्याचा अर्थ जेट लहान पडतं. म्हणून साठ नंबरचं काढून पासष्टचं घातलं. नंबर म्हणजे भोकाचा व्यास. साठ म्हणजे शून्य दशांश साठ मिलिमीटर. इतक्या बारीक भोकात केसाच्या जाडीइतका फरक पडला, तरी गाडीचं पोट बदलतं. थरथर थोडी कमी झाली. ह्यांचा विजय! पण त्या आठवड्यात अ‍ॅव्हरेज सातवर आलं, प्लग काजळासारखे काळे निघाले, आणि प्रदूषण तपासणीला गेले तर कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्के. आमच्या वयाच्या गाडीला मर्यादा तीनची. नापास.

घरातही काळा धूर निघायला लागला होता. आमचे चिरंजीव तेव्हा सेक्टर तीनमधल्या नेताजी सुभाष तंत्रशिक्षण संस्थेत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याचं म्हणणं होतं की आधी जुना कार्ब्युरेटर काढायचीच घाई झाली. त्याने वडिलांना ऐकवलं, "बाबा, बाहा स्पर्धेत मुलं अशीच उघडी गाडी बनवतात, दगडधोंड्यांतून पळवतात; पण इंजिन सगळ्यांना एकच, आणि त्याला हात लावायची परवानगी नाही. म्हणून तिथे बाकीच्या गाडीचा विचार करावा लागतो." ही स्पर्धा २००७ पासून मध्य प्रदेशात पीथमपूरला सुरू झाली होती आणि ह्या मुलांच्या बोलण्यात तेव्हा दुसरा विषय नसे. ह्यांना ते झोंबलं. "तुझ्या वयाचा होतो तेव्हापासून इंजिनं उघडतोय," वगैरे झालं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून बापलेक एकमेकांशी माझ्यामार्फत बोलायला लागले. "त्याला सांग, जेवायला ये." "बाबांना सांग, मी नंतर जेवीन." ज्यांच्या घरात वयात आलेला मुलगा आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मे महिन्यातला एक बुधवार. सासूबाईंना दवाखान्यातून घेऊन येत होते. दिल्लीची लू चालू होती, रस्त्यावर माणसं कमी, सेक्टर दहाच्या बाजाराजवळ मात्र रिक्षा आणि हातगाड्यांची गर्दी. मी हळू हळू, ब्रेक मारत मारत पुढे सरकत होते. गर्दी सुटली, जरा वेग घेतला, आणि बर्फाच्या गोळ्याच्या गाडीआडून एक सात-आठ वर्षांचा मुलगा हातातल्या गोळ्याकडे पाहत सरळ रस्त्यावर आला.

मी ब्रेकवर पाय दिला. पेडल हललंच नाही. दगडावर पाय ठेवावा तसं. मी दोन्ही पाय घातले, सीटवरून अक्षरशः उठले, डाव्या हाताने हँडब्रेक ओढला. गाडी थांबली तेव्हा त्या मुलाचा एक हात बंपरवर होता. त्याला काही झालं नाही. गोळा पडला होता, आणि बंपरवर नारंगी डाग. मुलगा माझ्याकडे पाहत होता, भीतीने नव्हे, गोळा गेला म्हणून. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पर्समधून दहाची नोट काढली, खिडकीतून त्याला दिली, आणि मग त्यांचा हात कापायला लागला.

संध्याकाळी हे आल्यावर मी आरडाओरडा केला नाही. चहा दिला आणि सांगितलं, "मी आणि आई ह्या गाडीतून रोहतांगला येणार नाही. मुलीलाही पाठवणार नाही. तुम्ही आणि तुमचा कार्ब्युरेटर जाऊन या." मग काय झालं ते सांगितलं. हे कपाकडे पाहत राहिले.

चिरंजीव आतल्या खोलीत होते. ऐकत होते बहुधा. बाहेर येऊन त्याने मला विचारलं, "आई, पेडल नेमकं कधी कडक होतं? गाडी थंड असताना की तापल्यावर?"

पाच महिन्यांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. मी सांगितलं, "सकाळी बरं असतं. तापल्यावर बिघडतं. आणि गर्दीत पाठोपाठ ब्रेक मारला की दगड होतो."

तो टॉर्च घेऊन खाली गेला. मी मागोमाग गेले. थोड्या वेळाने हेही आले, जरा अंतर ठेवून उभे राहिले.

त्याने जी परीक्षा केली ती इतकी सोपी आहे की बूस्टरचा ब्रेक असलेली कोणतीही गाडी असो, तुम्ही घरी करू शकता. गाडी बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबायचा. मग पाय दाबून धरायचा आणि गाडी सुरू करायची. पेडल पायाखाली किंचित खाली बसलं पाहिजे. मी बसले, दाबलं, किल्ली फिरवली. पेडल तसूभर हललं नाही.

मग त्याने मला समजावलं. तो सांगत मला होता, पण ऐकवत वडिलांना होता. ब्रेक दाबायला आपल्या पायाचा जोर पुरत नाही, म्हणून पुढे एक मोठा डबा असतो, बूस्टर. इंजिन हवा ओढून घेतं, तेव्हा त्याच्या ओढीने ह्या डब्यातली हवाही एका जाड रबरी नळीतून खेचली जाते. डब्यात एका बाजूला पोकळी झाली की दुसऱ्या बाजूची बाहेरची हवा आपल्या वतीने ब्रेक दाबते. आता ती नळी चिरली तर दोन गोष्टी होतात. बूस्टरला पोकळी मिळत नाही, पेडल दगड होतं. आणि त्याच चिरेतून इंजिनात फुकटची हवा शिरते, कार्ब्युरेटरला न विचारता. पेट्रोल पातळ होतं, गाडी थरथरते. गाडी उभी असताना इंजिनाची ओढ सगळ्यात जास्त, म्हणून सिग्नलला जास्त त्रास. रस्त्यावर वेगात गेली की ती हवा नगण्य, आणि आपण वाढवून ठेवलेलं पेट्रोल मात्र तसंच. म्हणून प्लग काळे.

त्याने नळीला फडकं गुंडाळलं आणि पक्कडीने ती इंजिनाच्या तोंडाशी घट्ट चिमटली. एक बारीक 'स्स्स' आवाज, जो इतके दिवस इंजिनाच्याच आवाजाचा भाग वाटत होता, बंद झाला. इंजिन थरथरायचं थांबलं, मग जड झालं, मागून भसकन काळा धूर आला. तिला आता पेट्रोल जास्त होत होतं. त्याने एका हाताने स्क्रू आत घ्यायला सुरुवात केली. अर्धा वेढा. एक. दीड. दुसरा वेढा संपता संपता जिप्सी अशी काही एका सुरात चालायला लागली की माझ्या अंगावर काटा आला. नेमकं तेव्हाच विमान आलं. आम्ही तिघंही वर न बघता थांबलो. विमान गेलं. सूर तोच.

ह्यांनी पुढे होऊन त्याच्या हातातला टॉर्च घेतला आणि म्हणाले, "धरतो मी. तू नळी काढ."

चीर क्लॅम्पच्या खाली होती. नळी सरळ असताना दिसायची नाही, वाकवली की ओठांसारखी उघडायची. बारा वर्षं इंजिनाची धग खाल्लेल्या रबराला काय दोष द्यायचा? इंजिन तापून हललं की चीर उघडत होती, म्हणूनच सकाळी ब्रेक बरा असायचा. दुसऱ्या दिवशी बापलेक मेट्रोने काश्मिरी गेटच्या बाजारात गेले आणि नळी व तिच्यातली एकतर्फी झडप घेऊन आले. खर्च दोनशे रुपयांच्या आत. साठ नंबरचं जेट परत बसलं, स्क्रू दोन वेढ्यांवर स्थिरावला, आणि प्रदूषण तपासणीत गाडी दीड टक्क्याच्या आत पास झाली.

तुम्ही म्हणाल, मग त्या महागड्या वेबरची गरज होती का? प्रामाणिकपणे सांगते, नव्हती. जुना कार्ब्युरेटर साफ करून, नळी बदलून भागलं असतं. पण ह्यांनी तो काढला नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. चढावर गाडी खरंच जास्त जोमाने जायची. पेट्रोलही जास्त प्यायची. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण मोल असतं. फक्त ते देताना माणूस कुरकुरत नाही.

जूनमध्ये आम्ही निघालो. चंदीगड, मंडी, कुलू, मनाली. ह्यांनी "बसतेस ना?" एवढंच विचारलं, आणि निघण्यापूर्वी किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, "तू चालवून बघ आधी." सोसायटीला तीन फेऱ्या मारल्या. पेडल लोण्यात सुरी जावी तसं.

रोहतांग ३९७८ मीटरवर आहे. तेव्हा खालून बोगदा नव्हता, तो २०२० साली झाला. लाहौलकडे जाणारा प्रत्येकजण ह्याच घाटाने चढायचा. वर हवा दिल्लीच्या मानाने तिसरा हिस्सा विरळ. कार्ब्युरेटरला बिचाऱ्याला हे कळत नाही, तो पेट्रोल जवळजवळ तेवढंच देत राहतो. मढीला चहाला थांबलो तेव्हा गाडी गुदमरल्यासारखी करत होती आणि पेट्रोलचा वास येत होता. आजूबाजूला लोक हवेची जाळीच काढून ठेवत होते. ते चूक, त्या रस्त्याची धूळ सरळ इंजिनात जाते. आमच्या चिरंजीवांनी स्क्रू अर्धा वेढा आत घेतला. ह्यांनी छत्री धरली, कारण भुरभुर पाऊस सुरू झाला होता. उभं राहताना बंद पडणं थांबलं. चढताना दम लागत होता तो लागतच होता, दुसऱ्या गियरवर रांगत गेलो. मोठी जेटं बदलायची तर वरचं झाकण उघडावं लागतं, आणि त्या चिखलात तो उद्योग नको, यावर दोघांचं एकमत झालं. एकमत झालं हेच मला पुष्कळ होतं.

सासूबाईंनी बर्फ पाहिला. हातात घेतला, थोडा तोंडात घातला आणि म्हणाल्या, "ह्यात काय, आपल्या फ्रिजमध्येही असतो." पण परत गाडीत बसायला तयार होईनात.

उतरताना ह्यांचं डोकं विरळ हवेने भणभणायला लागलं. गाडी मी घेतली. निघण्याआधी मुलगा माझ्या खिडकीशी आला. "आई, इथे ब्रेक थोडा कडक लागेल. घाबरू नकोस, नळी ठीक आहे. बूस्टर बाहेरच्या हवेच्या जोरावर चालतो आणि इथे हवाच कमी आहे. गियरवर उतर, ब्रेकवर नको." आणि खरंच, वरच्या वळणांवर पेडल जरा जड होतं, आणि जसजसे खाली येत गेलो तसतसं ते माझ्या पायाखाली मऊ होत गेलं. मनालीला पोचेपर्यंत मागच्या सीटवर हे आणि सासूबाई दोघं गाढ झोपलेले होते.

२०१२ मध्ये पंधरा वर्षं भरायच्या आत आम्ही ना-हरकत काढून जिप्सी साताऱ्याला दिरांकडे पाठवली. बरं झालं. २०१४ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत पंधरा वर्षांपलीकडच्या गाड्यांना मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. आमच्या पार्किंगमधल्या किती धडधाकट गाड्या भंगारात गेल्या. दिल्लीच्या हवेकडे पाहिलं तर ते चूक म्हणवत नाही, आणि गाड्यांकडे पाहिलं तर बरोबरही म्हणवत नाही. आता तर नव्या स्कूटरींतूनही कार्ब्युरेटर गेला, २०२० च्या एप्रिलमध्ये भारत स्टेज सहा आल्यापासून. स्क्रू लावणारे कान असलेले मिस्त्रीही कमी होत चालले.

असो. भावजींच्या फोनचं सांगायचं राहिलं. माझ्या हट्टापायी त्यांनी ती परीक्षा केली. पेडल छान खाली बसलं, नळी शाबूत होती. ह्या वेळी मिस्त्रीचंच बरोबर निघालं. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, त्यामुळे जुन्या हिशोबाच्या जेटमधून येणारं पेट्रोल पातळ पडतं. शिवाय त्याने टाकीतला जुना गाळ सुटून फ्लोटच्या भांड्यात बसला होता, आणि पेट्रोलच्या नळ्याही फुगल्या होत्या. गाळ काढला, नळ्या बदलल्या, जेट एक नंबर मोठं टाकलं, गाडी सुधारली. "वहिनी, पासष्टचं टाकलंय," ते म्हणाले.

ते पासष्टचं जेट नवीन आणावं लागलं नाही. २००९ मध्ये काढलेलं तेच, मी कुंकवाच्या जुन्या करंड्यात ठेवलं होतं आणि गाडीबरोबर साताऱ्याला पाठवलं होतं. करंडा मात्र परत पाठवा म्हटलंय.